वाळवंटात नदी, नदीत इरा

अल ऐनला नदी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे भूगोलाचे मास्तर माझ्या दारात उभे राहणार नाहीत. तिथे वाळू आहे, खजुरांची बाग आहे, जबल हफीत नावाचा एक बोडका डोंगर आहे आणि फुलांनी सजवलेले इतके गोल चौक आहेत की गाडीतून फिरताना आपल्याला घाण्याला जुंपलंय की काय असं वाटायला लागतं. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसांनी पंपाने पाणी वर चढवून एक नदी तयार केली आहे. चांगली खळाळती, दगडांवरून उसळणारी. त्या नदीपायी माझ्या बहिणीच्या घरात जे रामायण घडलं, ते सांगावं म्हणून हा प्रवास लिहायला घेतला. उंच इमारती आणि मॉल पाहायचे असतील तर ते आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात, त्यासाठी माझी गरज नाही.

मी सांगलीत पाळणाघर चालवते. धाकटी बहीण माधवी लग्नानंतर काही वर्षांतच तिकडे गेली. तिचा नवरा सुनील अल ऐनला इंजिनीअर आहे आणि मुलगी इरा बारा वर्षांची. गेल्या वर्षी माधवीला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं तिकडेच झालं. त्या काळात आई जाऊन राहिली. उपचार संपले, आई परत आली आणि बॅग उघडायच्या आधी मला म्हणाली, "आता तू जा. ती बरी झालीय, पण त्या घरात कुणी मोठ्याने हसत नाही."

म्हणून जानेवारीत पाळणाघर जोडीदारणीच्या गळ्यात घातलं आणि कपड्यांपेक्षा भडंग जास्त अशी बॅग घेऊन निघाले.

घर

दार माधवीने उघडलं आणि मी क्षणभर दुसऱ्याच बाईकडे बघत राहिले. तिची वेणी कमरेपर्यंत असायची, सरळ आणि जाड. आता डोक्यावर केमोनंतर नव्याने उगवलेले, बोटभर लांबीचे, कोकरासारखे कुरळे केस. आमच्या खानदानात असे केस कुणाचेच नाहीत.

"काय बघतेस ताई? नवीन मॉडेल आहे," ती म्हणाली.

मी हसले आणि मग तिला मिठीत घेऊन रडले. हे उलट क्रमाने व्हायला हवं होतं, पण जमलं नाही. मिठी मारताना तिचा डावा हात माझ्या पाठीवर आलाच नाही. काखेतल्या गाठी काढल्यापासून तो खांद्याच्या वर जात नव्हता. फिजिओथेरपीचा व्यायाम दिलेला होता, पण तो करायची वेळ झाली की हिला बरोब्बर स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं.

शेजारी उम्म सालेम नावाच्या अरब आजी राहतात. मी आल्याचं कळताच त्यांनी ताटलीभर हरीस पाठवलं. गहू आणि मटण शिजवून शिजवून घोटलेलं, वर तूप. ताटली रिकामी परत करायची नाही हा नियम तिकडेही आहे. मी तिच्यात भडंग भरून पाठवलं. दुसऱ्या दिवशी आजी दारात हजर. तिखटाने डोळे लाल झालेले, तरी ताटली पुढे करून म्हणाल्या, "यल्ला, और दो." तिथली अरब माणसंही आपल्याशी हिंदीत बोलतात, याचं मला शेवटपर्यंत अप्रूप वाटलं.

घर सुंदर होतं, पण इराची मला काळजीच वाटली. माधवी तिला तळहाताच्या फोडासारखी जपत होती. लिफ्टमध्ये एकटीने जायचं नाही. सायकल बाल्कनीत, चाकांतली हवा गेलेली. शाळेची वाळवंटातली सहल निघाली तर पोटदुखीची चिठ्ठी. माझ्या पाळणाघरात रोज कुणीतरी आपटतं. हळद लावली की पुन्हा पळतं. ही पोर मात्र खुर्चीवरून उतरतानाही आधी आईकडे बघायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण इथे ताक इराचं होतं आणि फुंकत माधवी होती.

खजुरांची बाग

सकाळी माधवी मला बागेत फिरायला न्यायची. गावाच्या मधोमध हजारो खजुरीची झाडं, त्यांच्यामधून मातीच्या भिंतींच्या अरुंद वाटा आणि वाटेच्या कडेने वाहणारे पाण्याचे छोटे पाट. त्याला फलज म्हणतात. डोंगराखालचं पाणी जमिनीखालून आणून झाडांना पाळीपाळीने द्यायचं. आमच्याकडे उसाला पाणी पाजतात तेही असंच, बारं धरून, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवून, त्यामुळे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. फक्त आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून एव्हाना दोन भांडणं ऐकू आली असती. इथे कबुतरं तेवढी घुमत होती.

मी चपला काढून पाटात पाय सोडले. माधवी काठावर उभी राहिली.

"ये की गं," मी म्हटलं.

"नको. इन्फेक्शन वगैरे."

कृष्णेत सूर मारणारी ही पोरगी. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, आम्हा दोघींच्या पाठीला रिकामे डबे बांधून घाटावरून ढकललं होतं. मी आठवडाभर भोकाड पसरलं. माधवीने तिसऱ्या दिवशी डबा सोडून टाकला होता. पाटातलं पाणी माझ्या घोट्याएवढंही नव्हतं आणि तिला त्यात पाय घालवत नव्हता. मला फार वाईट वाटलं, ते दिसू नये म्हणून मी खजुरांच्या जातींबद्दल बडबड करत राहिले. त्यातलं मला काहीही कळत नाही.

त्या संध्याकाळी स्फोट झाला. आम्ही चौघं टेबलाभोवती भडंग खात बसलो होतो. इरा मुठी भरून खात होती आणि मला तिच्या बोटांच्या पेरांवरचं खरचटलेलं दिसलं. तळव्याला घट्टेही पडलेले.

"हे काय गं, बाळा?"

"रॉक्स," ती तोंडात भडंग ठेवूनच म्हणाली. "फ्रॉम द रिव्हर. सॅटर्डेला माझा बिग चॅनल आहे, मावशी! यू मस्ट कम."

"कुठली रिव्हर?" माधवीने विचारलं.

सुनील भडंगातले शेंगदाणे वेचू लागला. इराने बाबांकडे पाहिलं आणि खाणं थांबवलं.

मग हळूहळू बाहेर आलं. केमोच्या दिवसांत इरा शाळेतून आली की आईच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसायची. जेवायची नाही. सुनीलच्या ऑफिसमधल्या कुणीतरी या नदीवरच्या होड्यांचे वर्ग सुचवले. एका माणसापुरती निमुळती होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, अशा होडीला कयाक म्हणतात. सुनील तिला दर शनिवारी तिकडे घेऊन जात होता. माधवीला सांगितलं होतं, स्विमिंग क्लास. आणि येत्या शनिवारी इरा पहिल्यांदा नदीच्या मोठ्या खळाळात, म्हणजे त्या बिग चॅनलमध्ये, उतरणार होती.

"तुला टेन्शन नको म्हणून," सुनील म्हणाला. "तुझी कंडिशनच तशी होती."

"आणि आता? ट्रीटमेंट संपून किती दिवस झाले, सुनील?"

"सांगणारच होतो. योग्य वेळ बघून."

माधवीने हातातली वाटी खाली ठेवली. "तुम्ही मला मेलेली धरून चालला होतात का रे?"

आजारी माणसाच्या कानावर काही घालू नये, ही आपली जुनी रीत. बातमी दाबायची, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा काढून टाकायचा, आणि त्यालाच आपण माया म्हणतो. समुद्रापलीकडे जाऊन राहिलेली माणसंही ती रीत बॅगेत घालून नेतात. पण बरं झालेल्या माणसाला पुन्हा घरात कधी घ्यायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

"तो क्लास खलास," माधवी इराला म्हणाली. "आणि बिग चॅनल वगैरे विसरून जा."

इरा उठली. "दॅट्स नॉट फेअर! यू आर नॉट इव्हन सिक एनीमोअर!" आणि तिच्या खोलीचं दार धाडकन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी इराच्या डोक्याला तेल लावायला बसले. माझा अनुभव असा आहे की समोर बसवून विचारलं तर पोरं गप्प बसतात, आणि पाठमोरी बसवून केसांत बोटं फिरवली की आपणहून बोलतात.

"उलटते का गं ती होडी?"

"ऑल द टाइम."

"मग भीती नाही वाटत? डोकं पाण्याखाली, पाय वर अडकलेले?"

"मावशी, एव्हरीवन आस्क्स मी, हाऊ इज युअर मम्मी. टीचर, लिफ्टमधल्या आंटी, सगळे. अंडर वॉटर नोबडी आस्क्स."

माझी बोटं तिच्या केसांतच राहिली. तिला ते कळू नये म्हणून मी आणखी तेल ओतलं. उशी खराब झाली.

डोंगरावर

जबल हफीतवर जाणारा रस्ता वळणावळणाचा आणि लोण्यासारखा गुळगुळीत आहे. माधवी गाडी चालवत होती. माथ्यावर वारा इतका की करक चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरावा लागला. करक म्हणजे आपला उकळलेला चहाच, पण वेलची आणि साखर अशी की आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी बघितलं तर ते मलाच ॲडमिट करतील. खाली एका बाजूला गावाची हिरवी पट्टी, दुसरीकडे नुसती वाळू, आणि पायथ्याशी ती नदी, सुतळीच्या तुकड्याएवढी.

मी माधवीला इराच्या डोक्याला तेल लावतानाचं बोलणं सांगितलं. चोंबडेपणाच तो, पण त्या घरात आधीच न सांगितलेल्या गोष्टी फार झाल्या होत्या.

माधवीने आधी चहा संपवला. मग म्हणाली, "ताई, मी त्या मशीनखाली पडलेली असायचे ना, तेव्हा एकच मागायचे. हिला मोठी झालेली बघू दे. बाकी काही नको. मी वाचले ती हिला बुडताना बघायला नाही गं."

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं अप्पा म्हणायचे."

"अप्पांना म्हणी सांगायला काय जातंय? त्यांना कुठे कॅन्सरमधून उठून पोरगी सांभाळायची होती? आणि तू तरी गप्प बस. म्हणे पाळणाघर. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलेत तू."

हे खरं होतं. खाली उतरताना एका वळणावर तीच म्हणाली, "ठीक आहे. मी येते बघायला. साध्या पाण्यात होडी उलटी करून तिने मला दाखवायचं, ती कशी बाहेर येते. ते बघून पुढचं मी ठरवीन. सुनील नाही, मी."

नदी

शनिवारी सकाळी हवा थंड होती, म्हणजे तिथल्या मानाने. लोक जॅकेट घालून होते आणि मी पदराने वारा घेत होते. नदीच्या वरच्या अंगाला एक मोठं शांत तळं, तिथून पाणी घसरत, दगडांवर फुटत, खाली दुसऱ्या तळ्यात जातं. त्या फुटणाऱ्या भागाला हे बिग चॅनल म्हणतात. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

शिकवणारी बिनिता नेपाळची. ठेंगणी, खांदे पैलवानासारखे. तिने आम्हाला हिंदीत समजावलं. होडीत बसल्यावर कमरेभोवती रबराचा घागरा असतो, तो होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. होडी उलटली की पोराने घाबरून धडपड करायची नाही. पाण्याखालूनच होडीच्या बुडावर तीनदा थापा मारायच्या, मग हात बाहेर काढून वाट बघायची. दुसरी होडी आपलं नाक त्या हाताशी आणते, ते धरून कमरेला हिसका द्यायचा, की माणूस सरळ. फारच झालं तर घागरा ओढून बाहेर यायचं.

"थोड़ा टाइम लगता है, दीदी," बिनिता माधवीला म्हणाली. "देखनेवाले को ज़्यादा लगता है."

इरा हेल्मेट घालून तळ्याच्या मधे गेली. आमच्याकडे बघून तिने अंगठा दाखवला आणि एका कुशीवर कलंडली. होडीचं पिवळं बूड वर आलं. इरा नाही.

थप, थप, थप.

मग दोन छोटे हात बाहेर आले आणि होडीच्या दोन्ही बाजूंनी मागेपुढे फिरू लागले. मदत करणारी होडी एका मुलाची होती. तो निघाला, पण त्याच्या होडीचं नाक जरा भलतीकडे गेलं. त्याने वळवून घेतलं. हात फिरतच होते.

आता सांगलीच्या घाटावरची एक गोष्ट सांगायला हवी. तिथे पाण्यात कुणी पालथं दिसलं की काठावरच्या माणसाने आधी उडी मारायची आणि चौकश्या नंतर करायच्या. लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे ते. तळ्याभोवती दहा-बारा आईबाप मोबाइल धरून शांत उभे होते, आणि माझ्या शेजारून माधवी गेली. मी तिची ओढणी पकडली. ओढणी माझ्या हातात राहिली.

सूर तोच होता. कृष्णेतला.

ती चार-पाच हात मारून होडीपाशी पोचते न पोचते तोच त्या मुलाच्या होडीचं नाक इराच्या हाताला लागलं आणि इरा गर्रकन वर आली. नाकातोंडातून पाणी गाळत तिने डोळे उघडले, तर समोर सलवार-कमीज घातलेली आई.

"मम्मी! व्हॉट आर यू डूइंग?"

"तुला... तुला बाहेर..."

"आय वॉज वेटिंग फॉर द बोट! एव्हरीवन इज लुकिंग!"

माधवीला धाप लागली होती. कपडे पाण्याने जड झालेले, आणि तळ्याचा काठ सिमेंटचा, उंच आणि गुळगुळीत. इराच्या तोंडावरचा राग जाताना मी काठावरून पाहिला. तिने होडी वळवली आणि मागचं टोक आईकडे केलं.

"होल्ड दिस. नो, बोथ हँड्स. अँड किक, मम्मी. किक."

बारा वर्षांची पोर वल्हं मारत पुढे, आणि तिच्या होडीच्या शेपटाला धरून, पाय झाडत, माझी बहीण मागे. पायऱ्यांपर्यंत इराने आईला तशीच ओढत आणली. सुनील गुडघाभर पाण्यात उतरून उभाच होता.

बिनिताने माधवीची हजेरी घेतली, तीही सगळ्यांसमोर. तिच्या उडीने लाट आली असती, ती होडीखाली अडकली असती, आता एकाऐवजी दोघांना काढावं लागलं असतं. माधवी शाळकरी पोरीसारखी मान खाली घालून "सॉरी, सॉरी" म्हणत होती. बिनिता गेल्यावर ती पायरीवर बसली, कुरळ्या केसांतून पाणी निथळतंय, आणि हसायला लागली. मोठ्याने. आईने मला ज्याच्यासाठी पाठवलं होतं ते हसू अखेर आलं, तर मलाच रडू कोसळलं.

"ताई, हात वर गेला होता गं," ती म्हणाली. "पोहताना. मला कळलंच नाही."

तिने लगेच करून दाखवायला हात उचलला. तो पुन्हा खांद्यापाशीच अडला आणि ती कळवळली. पण हसायची थांबली नाही.

इरा होडी ओढत पायरीपाशी आली. "सो? मी जाऊ का?"

माधवीचं हसू थांबलं. तिने खळाळत्या पाण्याकडे पाहिलं, मग बिनिताला हाक मारली. "मैं किधर खड़ी रहूँ?"

"नीचे, दीदी. जहाँ पानी ख़तम होता है. ऊपर मम्मी खड़ी हो तो बच्चा पीछे देखता है."

आम्ही खाली गेलो. माधवीच्या अंगावर सुनीलचं जॅकेट होतं. वर, फेसाच्या मागे, इराचं लाल हेल्मेट दिसलं आणि निघालं. पहिली घसरण तिने छान काढली. दुसऱ्या दगडाशी होडी आडवी झाली आणि उलटली.

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली आहे. डोंगरावर म्हणी सांगणारी मी डोळे गच्च मिटून "अगं काढा तिला, काढा" म्हणून ओरडत होते. माधवीने माझं मनगट इतकं आवळलं की हिरवी बांगडी पिचली. पण तिचे पाय जागचे हलले नाहीत.

मी डोळे उघडले तेव्हा इरा होडीतून सुटून उताणी, पाय पुढे करून वाहत खाली येत होती, शिकवल्याप्रमाणे. काठावरून एकाने दोर फेकला, तो तिने धरला. रिकामी होडी तिच्याआधी आमच्यापाशी येऊन थांबली.

माधवी काठावर गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे केला. इरा बाहेर आली. बोटांतून रक्त येत होतं.

"आय फेल्ड," ती म्हणाली. "आय कान्ट डू इट."

"लागलं?"

"अ लिटल."

माधवीने जॅकेटच्या बाहीने तिचं नाक पुसलं. हेल्मेटचा पट्टा नीट केला. मी मनात म्हटलं, झालं, आता घरी. घरी जायला मी अगदी तयार होते.

"पुन्हा जायचंय?" माधवीने विचारलं.

इराने वर, फेसाकडे पाहिलं. मग आईच्या ओल्या, थंडीने निळसर झालेल्या तोंडाकडे. आणि आल्यापासून माझ्याशी इंग्रजी फाडणारी ती पोर निव्वळ मराठीत म्हणाली, "तू घाबरशील."

"घाबरणारच मी," माधवी म्हणाली. "तू जा."